पुसता न येणारी नोंद

यंदाही कडुनिंब फुलला. आमच्या संस्थेच्या पार्किंगमध्ये एक जुनं झाड आहे. मार्च सरत आला की त्याखाली लावलेल्या माझ्या स्कूटीच्या सीटवर बारीक पांढऱ्या फुलांचा थर साचतो. संध्याकाळी मी रुमालाने सीट झटकते, तरी चार-दोन फुलं शिवणीच्या खाचेत अडकून राहतात आणि घरापर्यंत माझ्याबरोबर येतात. वास म्हणावा तर गोड, पण त्या गोडाच्या तळाशी काहीतरी कडसर. सगळ्यांना हा वास आवडतो. मलाही आवडायचा.

वर तिसऱ्या मजल्यावर याच दिवसांत प्रबंध सादर करण्याची घाई चालू असते. परवा एक विद्यार्थिनी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "मॅडम, एकदा केलेली नोंद पुसूच द्यायची नाही, यावरचा तुमचा पेपर मी चार वेळा वाचलाय. किती सोपं आणि स्वच्छ लिहिलंय!" मी मान हलवली. खिडकी उघडी होती आणि तो वास आत येत होता. त्या पेपरातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही तो माझ्यासमोर कुणी उघडला की मला भोसरीतली पत्र्याची एक शेड दिसते आणि त्या शेडमध्ये डोळे मिटून उभे असलेले किसनमामा. एका हातात लांब स्क्रू ड्रायव्हर, त्याचं टोक मशीनला टेकवलेलं, लाकडी मूठ कानाला.

मी काय काम करते हे मला भूमला, माझ्या गावी, कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. आईला वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. शेजारच्या काकूंनी एकदा त्यांच्या वरच्या मजल्याचा नकाशा माझ्यापुढे पसरला होता, कारण त्यांच्या कानावर 'आर्किटेक्चर' हा शब्द गेला होता. मी घर बांधत नाही. हजारो ठिकाणांहून दर सेकंदाला माहिती येत राहते. ती कुठून यावी, कुठे थांबावी, किती दिवस राहावी आणि कुणाला दिसावी, हे मी ठरवते. यातलं शेवटचं, कुणाला दिसावी, हे ठरवायला मी फार उशिरा शिकले.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. वडील दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीत दळण घालायचे. माझं शिकणं झालं ते शाळेच्या हेडमास्तरांमुळे. शिष्यवृत्तीचे अर्ज ते स्वतः भरायचे आणि माझ्याकडून सही करून घ्यायचे. सुट्टीत ते मला शाळेचं रजिस्टर लिहायला बसवत, अक्षर बरं होतं म्हणून. पहिल्याच दिवशी माझ्याकडून एका मुलाची जन्मतारीख चुकली. मी खोडरबर शोधू लागले तर त्यांनी माझा हात धरला. "रजिस्टरात खाडाखोड नसते, बाळ. चुकलं तर एक बारीक रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे अशी. वर नवीन लिही. बाजूला सही कर. कुणी चुकलं, कुणी सुधारलं, सगळं राहिलं पाहिजे."

बारा-तेरा वर्षांनी पुण्यात पीएचडीला आले तेव्हा माझ्या हाती जे होतं ते एवढंच होतं. मार्गदर्शक सरांनी विचारलं की अवाढव्य माहितीच्या साठ्यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि मला ती बारीक रेघ आठवली. मी तशी रचना केली. आलेली नोंद कायमची. बदल हवा तर तिच्यावर दुसरी नोंद, तीही नावासकट, वेळेसकट. पुसण्याचं बटणच नाही. ते मालकाला नाही, इंजिनिअरला नाही, मलासुद्धा नाही. सर खूश झाले. मी भूमला फोन करून हेडमास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी काय केलं त्यात? ती सरकारी पद्धत आहे." पण त्यांचा आवाज ओला होता.

ही रचना खऱ्या कामात चालते का, हे बघायला भोसरीच्या एमआयडीसीतली ती कंपनी मिळाली. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे ठोकून काढत. एका रांगेत अकरा प्रेस. प्रत्येक प्रेसच्या बेअरिंगजवळ आम्ही सेन्सर बसवले. मशीनचा आवाज, थरथर, उष्णता, सगळं दिवसभर गोळा व्हायचं. पण नुसत्या आवाजावरून संगणकाला काय कळणार? कुठला आवाज निरोगी आणि कुठला बिघाडाचा, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. प्लांट मॅनेजर गोसावी साहेब म्हणाले, "त्यासाठी आमच्याकडे एकच माणूस आहे."

मी लोकलने कासारवाडीला उतरून शेअर रिक्षाने यायची. कंपनीच्या गेटाशीच कडुनिंब होता, ऐन मोहोरात. पहिल्या दिवशी त्याच्याखाली एक उंच, वाळका माणूस डबा खात बसला होता. टोपी मांडीवर, टोपीत फुलं पडलेली.

"तुमीच का त्या आवाजवाल्या मॅडम?" त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

"हो. मशीन ऐकायला शिकवायचंय संगणकाला."

"मग मी काय करतोय हितं तीस वर्षं?"

डबा खाणारे बाकीचे हसले. मी घाबरले. म्हटलं, "तुमच्याकडूनच शिकायचंय, मामा. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं."

"म्हंजी मास्तर मी आन् हजेरी तुज्याकडं." त्यांनी चपातीचा तुकडा माझ्यापुढे केला. "खा. उपाशी पोराला शिकवत न्हाई मी."

किसनमामा मूळचे दिघीचे. शेड दाखवताना तिसऱ्या प्रेसपाशी थांबून म्हणाले, "आमच्या घराण्याचं रान हितवर व्हतं. ज्वारी यायची. आता मशीन येती." दुःखाने नाही म्हणाले, कुठल्या खोलीत काय आहे हे पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले.

त्यांचं काम डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बसवण्याचं, पण खरी ओळख कानाची. स्क्रू ड्रायव्हर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "चांगला", किंवा "आजारी". मी टॅबवर तसं बटण दाबायची. दहा सेकंदांचा आवाज, मामांचं मत, मामांचं नाव, वेळ. चार रकाने. नाव कशाला, असं कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. सही हवीच ना!

सुरुवातीच्या दिवसांतलीच गोष्ट. सात नंबरच्या प्रेसपाशी मामा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मला जवळ बोलावलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. "काय येतंय?"

"घरघर."

"तिच्या मागं बघ. लांब, लई लांब, कुणीतरी बारीक शिट्टी मारतंय."

मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी मला तीन वेळा परत ऐकायला लावलं, आणि तिसऱ्यांदा ती सापडली. केसाएवढी बारीक. लिहिलं, 'आजारी'. पुढच्या गुरुवारी बेअरिंग उघडलं, तर आतल्या एका गोळीवर राईएवढा खड्डा. मामांनी ती गोळी बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "दोन म्हयनं चालली असती आजून. मग शाफ्ट घिऊन गेली असती."

गुरुवार म्हणजे इथली सुट्टी. सगळं जग रविवारी थांबतं, भोसरी गुरुवारी थांबते. एरवी दिवसभर जमिनीतून दणके येत असतात, पायांना त्यांची सवय झालेली असते, आणि गुरुवारी एकदम पायाखालची जमीन गप्प होते. कडुनिंबावरचे पक्षी ऐकू येतात. दुरुस्तीची कामं त्या दिवशी निघत, म्हणून मामा, मी आणि लातूरकडचा फिटर संतोष, एवढेच शेडमध्ये असायचो. एकेक प्रेस चालू करायची, ऐकायची, लिहायची, बंद करायची. मध्ये चहा. उघड्या दारातून फुलं आत येऊन ग्रीसवर चिकटत. तेल, गरम पत्रा आणि मोहोर यांचा मिळून एक वास व्हायचा. मी त्या दिवसांत फार सुखी होते. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात हे विसरलं जातं.

सुखाचं एक कारण मामांचं बोलणं होतं. ते नेहमी ओरडून बोलत. जवळ उभ्या माणसाशी शेताच्या दुसऱ्या बांधावरून बोलल्यासारखे. मला ते घरचं वाटायचं. आमचे वडील असेच बोलत. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात आयुष्य गेलेलं. त्यामुळे आमच्या घरात 'मीठ दे' हेसुद्धा भांडणासारखं म्हटलं जायचं. वसतिगृहात मुलींनी मला हळू बोलायला शिकवलं. मामांशी बोलताना मात्र मला पुन्हा माझ्या आवाजात बोलता यायचं. वडील का ओरडतात, त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगावी लागते, हे मी घरात कधी विचारलं नव्हतं. बाप म्हणजे असाच, इतकंच ठाऊक. दुसरी कुणी मुलगी असती तर पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं असतं.

पहिल्या आठवड्यांतल्या मामांच्या नोंदींवरून शिकून सेन्सर आता स्वतः मत देऊ लागले होते, पण महिनाभराने आकडे जुळेनात. सेन्सर एक सांगे, मामा दुसरं. जाड घरघरीच्या बिघाडात दोघांचं एकमत. शिट्टीसारख्या बारीक आवाजात मात्र सेन्सर म्हणे बिघाड आणि मामा म्हणत चांगला. मी सेन्सरला दोष दिला. तीन प्रेसवरचे सेन्सर बदलले. नवीन सेन्सरही तेच बोलले. मी तारा बदलल्या, जोडण्या तपासल्या, रचनेतच काही चुकलंय का ते शोधत बसले. मामा चुकत असतील असं एकदाही मनात आलं नाही.

मग एक गुरुवार. अकराही प्रेस बंद. संतोषने चहाची किटली आणली होती. मामा पाठमोरे उभे, टोपीतली फुलं झटकत. मी पाच पावलांवरून हाक मारली, "मामा, चहा." ते वळले नाहीत. "मामा!" पत्र्यावर माझा आवाज घुमला. दारातल्या चिमण्या उडाल्या. मामा फुलं झटकतच राहिले.

संतोष माझ्याकडे न बघता कप भरत म्हणाला, "ओ ताई, पुढं जाऊन बोला की. मामांना मागून ऐकू येईना गेलंय."

"कधीपासून?"

"लै दिवस झाले. ह्या म्हयन्यात तर लैच वाढलंय. आम्ही सगळे पुढून बोलतो, न्हाईतर खांद्याला हात लावतो. तुम्ही बघितलं न्हाई का?"

मी बघितलं होतं. खांद्याला हात लावणं मला माया वाटली होती.

"मग ते ऐकतात कसं?"

"हातानं. तळवा ठेवतात की बेअरिंगवर. वासानं. ग्रीस जळल्याचा वास त्यांना सगळ्यांच्या आधी येतो. आजून दहातले आठ बरोबर निघतेत." मग किटली खाली ठेवून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "अकरा मशिनी, तीस माणसं. एकानंबी आजपत्तुर ऑफिसात सांगितलं न्हाई. तुम्हीबी सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

मामांच्या मागे भिंतीवर कानात घालायच्या बोळ्यांचा डबा टांगलेला होता. कंपनी देत होती, दर महिन्याला नवीन. मामांनी कधी घातले नाहीत. मी त्यांना समोर जाऊन, मोठ्याने, का असं विचारलं तेव्हा ते हसले. "कान झाकल्यावर मशीन कशी ऐकू यायची गं?"

मी सांगणार नाही म्हटलं आणि खरंच कुणाला एक अक्षर बोलले नाही. पण मी बोलण्याची गरजच उरली नव्हती. मी बांधलेली गोष्ट माझ्यासाठी बोलत होती. दर सोमवारी सकाळी आठ वाजता सगळ्या नोंदींचा गोषवारा आपोआप गोसावी साहेबांकडे जाई. माणूस आणि सेन्सर यांचं कुठे जमतं, कुठे जमत नाही, नावानिशी, आठवड्यावार. तसा गोषवारा जावा ही कल्पना माझी. मला ती फार हुशारीची वाटली होती.

आधीच्या तफावतीला सेन्सरचा दोष म्हणता आलं असतं; नवीन सेन्सरचे आकडे मात्र येत्या सोमवारी पहिल्यांदा जाणार होते, म्हणजे त्या गुरुवारनंतर माझ्याकडे तीन दिवस होते. शुक्रवारी मी मामांचं नाव काढता येतं का ते बघायला बसले. पुसण्याचं बटण नव्हतं. मीच ठेवलं नव्हतं. पडद्यावरून नावाचा रकाना झाकला असता, पण आधीचे सगळे गोषवारे साहेबांच्या संगणकात पोचलेले होते. एक प्रत कंपनीत, एक संस्थेत, एक तिसऱ्या ठिकाणी. एक बिघडली तर दुसरी तिला दुरुस्त करेल, अशी तजवीज. मी एका प्रतीत हात घातला असता तर बाकीच्या दोघींनी मिळून तो बदल परत उलटवला असता. घराच्या दाराला आतून इतकं मजबूत कुलूप बसवावं की आपल्यालाच बाहेर पडता येऊ नये, तसं झालं होतं. शनिवारी सरांना भेटले. नाव न सांगता विचारलं, एखादी नोंद काढायचीच असेल तर?

सर प्रेमाने म्हणाले, "अगं, ती काढता येत नाही हेच तर तुझ्या प्रबंधाचं बळ आहे. तू पास झालीस समज."

रविवारी गोषवारा थांबवता येईल का, हे बघत बसले. थांबवता येत होता. बटण माझ्याच हातात होतं. पण थांबवला असता तर 'गोषवारा थांबवला' अशी माझ्या नावाची नोंद झाली असती आणि साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझ्या पदवीची भीती वाटली. घरातली पहिली. आईने पेढ्यांचं आधीच बोलून ठेवलं होतं. आज इतक्या वर्षांनी तो रविवार समोर ठेवते तेव्हा कळतं की मी पूर्ण हतबल नव्हते. एक लहानशी फट होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. सोमवारी सकाळी आठ वाजले. गोषवारा गेला.

गोसावी साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला राग धरता आला असता. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. कागदावर सेन्सरशी किती जमतं याची एक रेघ होती, जाड आवाजांकडून बारीक आवाजांकडे जाताना हळूहळू खाली येणारी. ती मामांची रेघ.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मलाही अंदाज होता हो," ते म्हणाले. "मी काय आंधळा आहे? पण माहीत नव्हतं तोवर माहीत नव्हतं. आता लेखी आलंय. उद्या भोंगा वाजला आणि त्यांना ऐकू आला नाही, प्रेसमध्ये हात गेला कुणाचा, त्यांचाच गेला, तर मी काय उत्तर देऊ? सांगा तुम्ही."

ते म्हणत होते ते बरोबर होतं. संतोष म्हणत होता तेही. दोन्ही बरोबर गोष्टींच्या मधोमध मामा उभे होते, पाठमोरे, आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

मामांची बदली गेटवर झाली. गाड्यांची ये-जा रजिस्टरात लिहायची. कान तपासले, कागद झाले, सगळं रीतसर. मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण आत जायचा रस्ता गेटातूनच होता. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. खिशाला स्क्रू ड्रायव्हर. मी समोर जाऊन उभी राहिले.

त्यांनीच विचारलं, "तू जे झालं त्येच लिव्हलं ना? खोटं न्हाई ना लिव्हलं?"

"नाही मामा."

"मग झालं तर." आणि मग, नेहमीसारखं ओरडून, "मास्तर नापास झाला गं तुजा!"

गेटातून आत येणारा एक ड्रायव्हर हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे.

पुढचं सगळं चांगलंच झालं. पेपर छापून आला. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, भूमला पेढे वाटले. हेडमास्तरांनी शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं. ती रचना आता चाकणच्या मोठ्या कारखान्यांत चालते. एकेका ठिकाणी शेकडो मशीन, सगळ्या दिवसभर बोलतात आणि कुणाला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावावा लागत नाही. मी तिथे कधी गेले की वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या पडद्यावर एखादा हिरवा ठिपका लाल होतो, आणि कुणीतरी तरुण इंजिनिअर सांगतो, "मॅडम, बारीक आवाजाचे बिघाड तर ही सिस्टीम सगळ्यात आधी पकडते." पकडणारच. त्या पहिल्या आठवड्यांत, ऐकू येत होतं तोवर, मामांनी तिला शिट्टी ऐकायला शिकवलं आहे. त्यांचा कान तिथे आहे. त्यांच्याकडे नाही. मी हे त्या इंजिनिअरला सांगायला जाते आणि मध्येच थांबते, कारण सांगून काय होणार?

नंतरच्या कामांत मी विसरण्याची सोय ठेवू लागले. ठरावीक दिवसांनी नावं गळून पडावीत, मत राहावं, माणूस जावा. एका परिषदेत कुणीतरी विचारलं, हा विचार तुम्हाला कशावरून सुचला? मी कायदा, खासगीपणा, असं बरंच काही बोलले. सगळं खरंच होतं.

वडील गेल्या वर्षी इथे राहायला आले तेव्हा मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून एकेक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. वडील प्रामाणिकपणे वाट बघत बसले होते, बोट बटणावर. मी बाहेर उभी होते. कागदावर जी रेघ उमटली ती मी ओळखली. जाड आवाजांपाशी सरळ, बारीक आवाजांकडे जाताना खाली घसरलेली. मी ती आधी पाहिली होती, दुसऱ्या माणसाच्या नावाने.

या गुरुवारी दिघीला गेले. मामा आता निवृत्त आहेत. घराच्या ओट्यावर बसले होते, अंगणात मोहोराचा सडा. मामी आतून पाणी घेऊन आल्या. मी आल्याचं त्यांनी मामांना खांद्याला हात लावून सांगितलं.

"कानातलं मशीन घालत नाहीत?" मी मामींना विचारलं.

"डब्यात ठिवलंय. म्हणत्यात, समदंच मोठं होतं, बारीक हाय ते बारीकच राहतं. भांडी वाजली तरी दचकत्यात."

मामांनी मला बसायला सांगितलं. माझ्या कामाचं विचारलं, आईचं विचारलं. मग जरा पुढे सरकून, जणू मामींना कळू नये अशा बेताने, पण तरीही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, "पोरी, तुज्याकडं ठिवल्यात न्हवं त्या मशिनी? आवाज? तू तर काय पुसत न्हाईस."

"आहेत, मामा."

"सात नंबर लाव बरं. लई दिस झाले."

संस्थेतली ती जुनी प्रत फोनवरून उघडता येते. मी सात नंबर शोधला. पहिलाच सापडला तो शिट्टीचा. पुढे लिहिलेलं: आजारी. किसनमामा. मी आवाज पूर्ण मोठा केला. मामा उठून आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मूठ वापरून वापरून काळी झालेली. फोन ओट्यावर ठेवला, टोक त्याला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मी बटण दाबलं.

मला ती शिट्टी लगेच ऐकू आली. त्यांनीच शिकवली होती. मामा स्थिर. दहा सेकंद झाले. पडद्यावरची पट्टी टोकाला जाऊन थांबली. आवाज संपला. अंगणात चिमण्या, लांब कुठेतरी बसचा हॉर्न. मामा तसेच उभे, मान थोडी कललेली, चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं.

"हाय," ते म्हणाले. "आला. चाललीय बग कशी."

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी ओढणीचं टोक बोटांत गुंडाळत राहिले.

"नवं बेअरिंग टाकलं न्हाई का आपण," मामा डोळे मिटूनच म्हणाले. "काय कुरकुर न्हाई आता. लिव्ह. चांगला."

जुन्या नोंदीवर नवी नोंद करता येते, ती सोय मीच ठेवली आहे. नाव, वेळ, मत. एकदा झाली की ती राहणार, तिन्ही ठिकाणी, मी निवृत्त झाले तरी. आजवर मी त्यात एकही गोष्ट जाणूनबुजून खोटी लिहिलेली नव्हती. 'आजारी'च्या वर मी 'चांगला' दाबलं आणि त्यांचं नाव घातलं.

मामांनी डोळे उघडले. स्क्रू ड्रायव्हर खिशाला लावला आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "लिव्हलं?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या घरच्या आवाजात, सावकाश म्हटलं, "लिहिलं, मामा. तुमच्या नावानं."